बंदुकीची सफाई, शिपायाची पाकी

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात १८५७ च्या उठावाची कारणे दिलेली असतात. राजकीय, आर्थिक, सामाजिक अशी सगळी कारणे झाली की शेवटी 'तात्कालिक कारण' म्हणून एक ओळ येते. नव्या बंदुकीच्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावलेली आहे अशी बातमी पसरली आणि हिंदू व मुसलमान शिपाई बिथरले. मुले ही ओळ पाठ करतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळवतात. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. तिथे हा धडा आला की दर वर्षी कोणी ना कोणी विचारतेच, "सर, पण कारतूसला चरबी लावायचीच कशाला?"

हा सवाल मुलांचा असला तरी पोरकट नाही. पाठ्यपुस्तक त्याचे उत्तर देत नाही, आणि उत्तर नसल्यामुळे दोन चुकीची चित्रे मनात बसतात. एका चित्रात इंग्रज मुद्दाम धर्म बाटवायला निघालेला असतो. दुसऱ्या चित्रात शिपाई अडाणी आणि अंधश्रद्ध असतो, एका अफवेवर भडकून उठणारा. आमच्या समाजाला हे दुसरे चित्र चांगलेच ओळखीचे आहे. मजहबच्या बाबतीत काही विचारले की "हे लोक लगेच भडकतात" असे म्हणायला लोक मोकळे असतात. म्हणून त्या ओळीच्या मागे जाऊन पाहणे आम्हाला गरजेचे वाटते. तिथे पोचायचे तर सुरुवात राजकारणापासून करून चालत नाही, बंदुकीच्या सफाईपासून करावी लागते.

त्या काळची बंदुकीची दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. शंभर भागांत साधारण पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा कोळसा आणि दहा गंधक. ही दारू पेटली की तिचा सगळाच धूर होत नाही. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपात मागे राहतो. थोडा धुराबरोबर बाहेर पडतो, बाकीचा नळीच्या आतल्या अंगाला काळ्या थराने चिकटतो. हा थर क्षारांचा असतो. तो हवेतला ओलावा ओढून घेतो आणि रात्रभर तसाच राहिला तर लोखंडाला गंज धरतो. म्हणून काळ्या दारूची बंदूक पाण्याने धुवावी लागे. तेलाने क्षार विरघळत नाहीत, पाण्याने विरघळतात. आधी पाणी, शक्य तर गरम, मग कोरडी चिंधी, मग तेलाची चिंधी, असा क्रम असे. गरम पाण्याचा आणखी एक फायदा असा की नळी तापते आणि आतून लवकर सुकते.

पण ही झाली लढाई संपल्यानंतरची सफाई. लढाई चालू असताना काय करायचे? दहा-वीस बार झाले की थर जाड होतो, नळी अरुंद होते आणि पुढची गोळी आत जाईना होते. जुन्या बंदुकीत हा प्रश्न फारसा येत नव्हता, कारण तिची नळी आतून गुळगुळीत होती आणि गोळी नळीपेक्षा बरीच लहान असे. गोळी सैल असल्यामुळे ती सहज खाली घसरे. तोटा एवढाच की बाहेर पडताना ती कुठेही जाई. शंभर यार्डांपलीकडे नेम धरण्यात अर्थ नव्हता.

१८५३ साली इंग्रजी फौजेने एनफिल्ड रायफल स्वीकारली. तिच्या नळीत तीन पेचदार खाचा होत्या. बार झाला की शिशाची गोळी फुगून त्या खाचांत बसे आणि भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडे. त्यामुळे नेम कित्येकशे यार्डांपर्यंत लागू लागला. पण आता गोळी नळीत जवळजवळ घट्ट बसणारी होती, आणि बंदूक तर ठासणीचीच, म्हणजे दारू आणि गोळी दोन्ही तोंडाकडून घालायची. काळा थर आणि घट्ट गोळी यांचे जमेना. त्यावर उपाय निघाला तो वंगणाचा. कागदाच्या काडतुसाच्या ज्या टोकात गोळी असे, त्या टोकाला बाहेरून चरबी आणि मेण यांचे मिश्रण लावायचे. गोळी खाली जाताना वंगणामुळे सहज जाई, आणि आतला थरही मऊ राही. म्हणजे प्रत्येक काडतूस आपल्याबरोबर नळीची थोडी सफाईही करत जात होते. "चरबी लावायचीच कशाला" याचे उत्तर हे आहे. त्यात धर्म बाटवण्याचा डाव नव्हता, ती रायफलची गरज होती.

आणि तोंडाचा संबंध? काडतूस म्हणजे कागदाची नळकांडी, तिच्यात दारू आणि गोळी. एका हातात बंदूक असल्यामुळे शिपाई काडतुसाचे टोक दातांनी फाडी, दारू नळीत ओती आणि गोळी गजाने ठाशी. दातांनी फाडण्याची ही कवायत जुन्या काडतुसांपासूनची होती. नवीन होते ते वंगण. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि नळीसाठी लावलेली चरबी शिपायाच्या ओठांपर्यंत पोचली.

इथे खरा प्रश्न सुरू होतो. वंगण हवे, हे मान्य. पण कशाचे? इंग्लंडमधल्या कारखान्याला हा प्रश्न पडायचे कारण नव्हते. तिथे चरबी म्हणजे बाजारात स्वस्त मिळणारी वस्तू. हिंदुस्थानात मात्र हा प्रश्न एकाला पडला होता, आणि तो इंग्रजच होता. १८५३ साली नमुन्याची काही काडतुसे इथल्या हवेत कशी टिकतात हे पाहण्यासाठी इंग्लंडहून पाठवण्यात आली. तेव्हा बंगालच्या फौजेचा ॲडज्युटंट जनरल कर्नल टकर याने डिसेंबर महिन्यात वरच्या कचेरीला लेखी कळवले. त्याचा आशय असा की या वंगणात शिपायांच्या धर्माला न चालणारे काही नाही याची खात्री झाल्याशिवाय ही काडतुसे हिंदी पलटणींच्या हाती देऊ नयेत. पत्र पोचले. त्यावर काहीही झाले नाही. काडतुसे शिपायांकडून हाताळून घेतली गेली, परत पाठवली गेली, आणि पत्र दप्तरात पडून राहिले.

पुढे कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात एनफिल्डची काडतुसे बनू लागली. वंगणासाठी चरबी ठेकेदार पुरवत होता. ती कोणत्या जनावराची असावी याची अट घातलेली नव्हती, आणि आलेली चरबी कोणाची आहे हे कोणी तपासलेही नव्हते. १८५७ च्या जानेवारीत डमडमच्या शिपायांमध्ये ही कुजबुज सुरू झाली, आणि त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांपुढे ती उघडपणे मांडली. त्यांचा सवाल सरळ होता. हे कशाचे आहे? आणि त्यांनी नुसती तक्रार केली नाही, तोडगाही सांगितला. मेण आणि तेल वापरू द्या, आम्ही ते बाजारातून आणू. बराकपूरचा जनरल हिअर्सी याने ही मागणी वाजवी मानून वर कळवली, आणि २७ जानेवारीला सरकारने ती मंजूरही केली. काडतुसे वंगणाशिवाय द्यावीत, वंगण शिपायांनी आपल्या पसंतीचे लावावे, असा हुकूम निघाला.

या हुकमाचा अर्थ आम्ही मुलांना मुद्दाम समजावून सांगतो. सरकारनेच कबूल केले की रायफल गाईच्या किंवा डुकराच्या चरबीवाचून चालते. म्हणजे शिपायांची मागणी हातातल्या बंदुकीला धरून होती. एवढेच नाही, तर काही पलटणींतले शिपाई मेंढीची चरबी आणि मेण लावलेली काडतुसे आधीपासून वापरत आहेत, हे लष्कराच्या कचेरीनेच त्या दिवसांत वर कळवले होते. शिपाई वंगणाला भीत नव्हते. ते ठाऊक नसलेल्या वंगणाला नकार देत होते.

आमच्या भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. एक सफाई, दुसरा पाकी. सफाई म्हणजे मळ नसणे. पाकी म्हणजे नापाक वस्तूचा स्पर्श नसणे. कपडा धुऊन स्वच्छ असला तरी नापाक असू शकतो, आणि अंगावर धूळ असली तरी माणूस पाक असू शकतो. शेजारच्या हिंदू घरात हाच फरक 'स्वच्छ' आणि 'सोवळे' या शब्दांनी सांगतात. १८५७ चा ब्राह्मण शिपाई आणि मुसलमान शिपाई एकमेकांच्या ताटात जेवत नव्हते, पण हा फरक दोघांनाही न सांगता कळत होता. कचेरीला मात्र एकच शब्द ठाऊक होता. नळी साफ राहते ना? मग झाले.

उशिरा आलेले उत्तर कामाला येत नाही. एकदा विश्वास उडाला की संशय चरबीवरून कागदावर गेला. बराकपूरच्या चौकशीत शिपायांनी सांगितले की नव्या काडतुसाचा कागद चकाकतो आणि जाळला तर चरबीसारखा वास येतो. कागदाची रासायनिक तपासणी झाली, त्यात चरबी नसल्याचे ठरले, पण आता तपासणीवर कोण विश्वास ठेवणार? फेब्रुवारीत बहरामपूरच्या १९ व्या पलटणीने काडतुसे घ्यायचे नाकारले, तेव्हा ती काडतुसे एनफिल्डची नव्हतीच, जुन्या बंदुकीची होती. मार्चमध्ये कवायत बदलून दातांऐवजी हाताने फाडायची परवानगी आली. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडेने हत्यार उचलले आणि ८ एप्रिलला त्याला फाशी दिले गेले.

मग मीरत. २४ एप्रिल १८५७ रोजी तिसऱ्या घोडदळाच्या कर्नल स्मिथने नव्वद निवडक स्वारांची कवायत बोलावली. त्यातल्या पंच्याऐंशी जणांनी काडतुसे घेतली नाहीत. हीसुद्धा जुन्याच तऱ्हेची होती, त्यांना ती चरबी लागलेली नव्हती. या पंच्याऐंशींत निम्म्याहून अधिक मुसलमान होते. लष्करी न्यायालयाने त्यांना सक्तमजुरीची शिक्षा दिली, बहुतेकांना दहा वर्षांची. ९ मे रोजी साऱ्या छावणीसमोर त्यांच्या अंगावरचा गणवेश उतरवून पायांत बेड्या ठोकल्या. १० मे हा इतवार होता. त्या संध्याकाळी काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आमचे म्हणणे असे नाही की उठाव फक्त काडतुसांमुळे झाला. १८५६ साली अवध खालसा झाले होते. बंगालच्या फौजेतले बरेच शिपाई त्याच मुलखातले होते. त्याच वर्षी नव्या भरतीच्या शिपायांना समुद्रापार जाण्याची सक्ती आली. पगार, भत्ते, बढती यांचे दुखणे जुनेच होते. दारू आधीच भरलेली होती. पण ठिणगी जिथे पडली ती जागा सफाईच्या एका बारीक तपशिलाची होती, आणि तिथे ती पडू नये म्हणून तीन वर्षे आधी कोणीतरी लिहून ठेवले होते.

याला एक शेपूट आहे, ते पुस्तकांत फारसे येत नाही. हिंदुस्थानच्या उन्हात चरबी वितळते आणि कागदात जिरून जाते, मग वंगणाचे काम नीट होत नाही, हे इंग्रजांच्याही ध्यानात आले. उठावाच्या लढायांत त्यांच्याच गोऱ्या शिपायांना मळलेल्या नळीत गोळी ठासताना त्रास झाला होता. त्यानंतर एनफिल्डच्या गोळीचा व्यास थोडा कमी केला गेला आणि वंगणात चरबीची जागा मेणाने घेतली. जे मेण शिपाई बाजारातून आणतो म्हणत होते, तेच शेवटी बंदुकीसाठीही बरे ठरले.

पण हिंदी शिपायाच्या पदरात त्यातून काय पडले? १८५८ साली त्याच्यासाठी एनफिल्डसारखीच दिसणारी, पण आतून गुळगुळीत नळीची बंदूक काढण्यात आली. दिसायला रायफल, नेम जुन्या बंदुकीचा. पुढे कित्येक वर्षे गोऱ्या पलटणीच्या हातात जे हत्यार असे त्याच्या एक पिढी मागचे हत्यार हिंदी पलटणीला मिळे. आणि १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगायला बंदी झाली. युरोपियनांना त्यातून सूट होती.

बंदूक बदलत गेली तरी सफाईचा जाच संपला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आली आणि काळा थर गेला. मात्र काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाल्यावर जो क्षार राही तो मिठासारखाच, ओलावा ओढणारा. म्हणून थ्री-नॉट-थ्री रायफलमध्येही बार केल्यानंतर उकळते पाणी ओतण्याची रीत राहिली. या लीएनफिल्ड रायफलच्या दस्त्यात मागच्या बाजूला पितळी झाकणाआड एक पोकळी होती. तिच्यात तेलाची बाटली आणि पुलथ्रू, म्हणजे एका टोकाला वजन बांधलेली दोरी. चार इंच बाय दोन इंच फलालीनची चिंधी तिच्या फासात अडकवायची आणि दोरी ओढायची. ज्यांनी कॉलेजात एनसीसी केली आहे त्यांना पुलथ्रू आणि चिंधी हे शब्द आठवत असतील.

या सफाईचे नियम मात्र चिंधीपासून सुरू होत नाहीत. पहिला नियम असा की बंदूक भरलेली आहे असेच धरून चालायचे. तोंड माणसाकडे नाही, निर्धोक दिशेला. बोट चापापासून दूर. मॅगझिन काढायचे, बोल्ट उघडायचा, चेंबरमध्ये डोळ्याने पाहायचे आणि बोटाने चाचपायचे. काडतुसे त्या जागेपासून लांब ठेवायची. मगच सफाई. ठासणीच्या बंदुकीत आत डोकावण्याची सोय नव्हती, तेव्हा गज नळीत सोडून आवाज ऐकत. लोखंडावर लोखंड खणकले तर नळी रिकामी. आवाज बोदा आला तर आत काही आहे. दोरी चेंबरकडून घालून तोंडाकडे सरळ ओढायची, कारण तिरपी ओढली तर दोरीच्या घासण्याने नळीचे तोंड झिजते आणि नेम जातो. चिंधी जाडजूड घ्यायची नाही. ती आत अडकली आणि कोणी तशीच गोळी झाडली तर नळी फुटते. तेल ठेवणीसाठी. बार करण्याआधी नळी आणि चेंबर पुसून कोरडे करायचे. हे नियम कोरडे वाटतील, पण त्यातला प्रत्येक नियम पाळला न गेल्यामुळे कुठेतरी कोणीतरी जखमी झालेले आहे.

कोणी म्हणेल, १८५७ ची गोष्ट धर्माची होती, तिला सफाईचे नाव कशाला देता? म्हणून धर्माचा काही संबंध नसलेले एक उदाहरण देतो. जागा व्हिएतनाम, वर्ष १९६७, फौज अमेरिकेची. जगातल्या सगळ्यात श्रीमंत फौजेच्या हाती एम-१६ ही नवी, हलकी रायफल दिलेली होती. ज्या दारूवर ती तयार झाली होती, ती दारू १९६४ मध्ये बदलण्यात आली. नवी दारू मळ अधिक सोडी आणि रायफलची गती वाढवी. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि व्हिएतनामच्या दमट हवेत तो गंजे. रिकामे काडतूस आत चिकटून बसे. ते बाहेर काढायला गज लागे, आणि गजांचाच तुटवडा होता. सफाईचे सामान पुरेसे पाठवलेले नव्हते. ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही, असा समजही पसरलेला होता.

रायफली अडकू लागल्या तेव्हा वरून आलेले पहिले उत्तर असे होते की शिपाई सफाई करत नाहीत. मग एका सैनिकाचे घरी लिहिलेले पत्र वर्तमानपत्रात छापून आले आणि न्यू जर्सीच्या हॉवर्ड नावाच्या प्रतिनिधीने ते अमेरिकन काँग्रेसपुढे मांडले. त्यात टेकडी क्रमांक ८८१ वरच्या लढाईचे वर्णन होते. मेलेल्या कित्येकांच्या शेजारी त्यांची रायफल उघडलेली पडली होती. अडकलेले काडतूस काढता काढता ते मारले गेले होते. मे १९६७ मध्ये इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली संसदेच्या समितीने चौकशी सुरू केली आणि ऑक्टोबरच्या अहवालात दोष शिपायांच्या माथी न मारता दारू बदलणाऱ्या आणि सामान न पुरवणाऱ्या अधिकाऱ्यांवर कडक ताशेरे ओढले. मग चेंबरला क्रोम आले, गज आले, आणि १९६८ मध्ये विल आयस्नर या नामवंत चित्रकाराने काढलेली सफाईची चित्रपुस्तिका शिपायांच्या हाती आली. आम्हा शिक्षकांना याचे कौतुक वाटते. ज्याला शिकवायचे त्याला समजेल अशा भाषेत शिकवावे हे फौजेला सुचले, पण माणसे गेल्यावर.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. मीरतच्या स्वाराला दिलेले काडतूस निर्दोष होते, पण ते देणाऱ्यावर त्याचा भरोसा उरला नव्हता. व्हिएतनामच्या पोराचा देणाऱ्यावर पूर्ण भरोसा होता, पण दिलेली वस्तू सदोष होती. एकाला नाफर्मान ठरवले, दुसऱ्याला आळशी. दोघांचेही म्हणणे हातातल्या बंदुकीबद्दल होते, आणि बंदूक ज्याच्या हातात असते त्याला तिच्याविषयी कचेरीपेक्षा अधिक कळते.

सफाईचा हुकूम सोडणे सोपे असते. तो हुकूम देणाऱ्यावर दोन कर्जे चढतात. सफाईचे सामान द्यावे लागते, आणि त्या सामानात काय आहे हे विचारणाऱ्याला सांगावे लागते. दुसरे कर्ज फेडायला पैसा लागत नाही. टकरचे पत्र डिसेंबर १८५३ मध्ये कचेरीत पोचले होते, आणि डमडमच्या शिपायांनी विचारले ते जानेवारी १८५७ मध्ये. मधल्या तीन वर्षांत ठेकेदाराला एकच गोष्ट विचारायची होती, ही चरबी कशाची आहे?